पुढच्या खोलीची भिंत

११ फेब्रुवारी

वन्सं,

हे फोनवर बोलता आलं नसतं. मी इकडून ओरडणार, तुम्ही तिकडून "हो, हो" म्हणणार, आणि फोन ठेवल्यावर दोघींना वाटणार की ठरलं. इस्पितळाच्या धुलाईघरातल्या यंत्रांनी तुमचे कान नेले, डोळे शाबूत आहेत. तेव्हा वाचा.

पुढच्या खोलीच्या भिंतीला पुन्हा ओल आली आहे. यंदा खिडकीखालचा गिलावा नुसत्या हाताने निघाला. गवंड्याला बोलावलं. तो भिंतीसमोर उकिडवा बसला, इथे तिथे ठोकून पाहिलं आणि डॉक्टरसारखं तोंड करून म्हणाला, "मलमपट्टी हवी तर करतो, बाई. पण पुढच्या वर्षी मलाच बोलवाल." त्याचं म्हणणं, एक तर भिंत पाडून नवी बांधा, नाही तर पाडून तशीच सोडा. खाली व्हरांड्याची फरशी आहे, दोन्ही खांब आहेत, वर छप्पर आहे. भिंत आणि खिडकी काढली की जुना व्हरांडा जागच्या जागी.

मला दुसरं बरं वाटतं. वाचनालयाने त्यांच्या सगळ्या वेताच्या खुर्च्या माझ्याकडे विणायला दिल्या आहेत. मी स्वयंपाकघराच्या बोळात बसून विणते, ते तुम्ही पाहिलंय. पट्टी ओढताना कोपर भिंतीला लागतं म्हणून तिरकी बसते. आता कंबरही तिरकी झाली. पुढच्या खोलीत बसून पाहिलं, पण त्या एका खिडकीच्या उजेडात खुर्चीची भोकं दिसत नाहीत, आणि बंद खोलीत ओल्या वेताला बुरशी येते.

पण खोली तुमची. तुमचे दादा होते तेव्हाही ती वन्संची खोली होती, ते गेल्यावरही आहे. तुमची कॉट तिथे, तुमची ट्रंक तिथे. वर्षातून चार दिवस येता, ते तिथेच निजता. म्हणून विचारते. लेकीला विचारलं तर म्हणाली, भाडेकरू ठेव. म्हटलं, मग तू येऊन त्याला सांभाळ.

काय करू ते कळवा.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. घर तुझं, भिंत तुझी. मला काय विचारायचं?

खुर्च्या मिळाल्या हे चांगलं झालं. कंबर शेकत जा.

इकडे नवीन यंत्र आलंय. एका तोंडाने चादर घेतं आणि दुसऱ्या तोंडाने घडी करून देतं. बायका त्याच्यासमोर हात बांधून उभ्या राहतात, पाहुणा जेवायला बसल्यासारख्या. घडी वाईट घालतं. मी कोपरे पुन्हा जुळवते. मोठे डॉक्टर परवा म्हणाले, "मावशी, आजारी माणूस चादरीचे कोपरे बघत नाही." मला ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा तेवढा उपयोग.

बाकी नेहमीसारखं.

तुझी नणंद


४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचून हायसं वाटलं. मला उगाच धाकधूक होती. तुम्ही म्हणजे अगदी सहज म्हणून मोकळ्या झालात.

गवंडी सोमवारी येतोय. समोरच्या घड्याळजीला सांगितलं तर तो भिंग डोळ्यावरून काढून म्हणाला, "म्हणजे आता तुमच्याशी बोलायला दार ठोकायला नको." त्याचं दुकान आपल्या घरासमोर, पण भिंत झाल्यापासून आमचं बोलणं एवढंच. मी पिशवी घेऊन निघाले की "निघालात?" आणि परत आले की "आलात?"

खोली आवरली. तुमची कॉट मधल्या खोलीत नेली. ट्रंक तिच्याखाली जात नाही, सध्या दारामागे ठेवली आहे. खिडकीचे पडदे काढले. तुम्ही हाताने शिवलेले, निळ्या काठाचे. कापड अजून चांगलं आहे. धुतले, इस्त्री केली, तुम्ही शिकवली होतीत तशी घडी घातली आणि पार्सल करून पाठवले आहेत. व्हरांड्याला पडदे कशाला हवेत? तुमच्या क्वार्टरच्या खिडकीला होतील.

भिंत पडली की कळवते.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

पडदे मिळाले. घडी नीट आहे.

ट्रंकही पाठवून दे. दारामागे आहे म्हणजे येता-जाता अडत असेल.

पडदे मात्र माझ्या खिडकीला लावता येणार नाहीत. मेअखेर हे क्वार्टर सोडायचं आहे. मी निवृत्त होतेय. जानेवारीतच कळलं. तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. खोली होती.

आता भाड्याने बघते. धुलाईघरातली एकजण सांगत होती, तिच्या मावशीकडे माळा रिकामा आहे. शिडी जरा उभी आहे, पण हवा चांगली.

तू मनाला लावून घेऊ नकोस. काम सुरू झालं असेल तर थांबवू नकोस. गवंडी एकदा गेला की पुन्हा हाती लागत नाही.

तुझी नणंद


१६ मार्च

वन्सं,

माळा! आधी आपले गुडघे बघा, मग माळ्याच्या गोष्टी करा.

कान गेले ते गेले, हातांना काय झालं होतं? "वहिनी, मी घरी येतेय" एवढं लिहायला काय शाई कमी पडली? मी विचारलं तर तुमचं आपलं घर तुझं, भिंत तुझी. मला वाटलं, तुमचं मन आता तिकडेच रमलंय, या घरात तुम्हाला काही नको. वाईट वाटलं, पण म्हटलं, असेल, कमावती बाई आहे. पडदे प्रेमाने पाठवले. तुम्ही ते उघडून बघितलेत आणि समजलात की वहिनीने सामान बाहेर काढलं. तुमचं पत्र वाचलं तेव्हा वेत बादलीत भिजत होता. तो तसाच राहिला, गळून गेला. आता त्याची फक्त दोरी होईल.

काम थांबवलं आहे. खिडकी निघाली, तिच्या जागी मोठं भोक आहे, त्यावर चादर बांधली आहे. गवंड्याला म्हटलं, थांब. तो म्हणाला, "बाई, अर्धी पाडून ठेवली तर भिंतीलाही कळेना, उभं राहायचं का बसायचं." त्याला चहा दिला आणि घरी पाठवलं.

एक गोष्ट सांगते. खिडकी काढली तेव्हा दिसलं की ती भिंत खांबांना धरून बांधलेलीच नाही. दोन्ही अंगांना बोटभर फट आहे. तिच्यात गोणपाट कोंबलेलं आणि वरून गिलावा. पाणी येत होतं ते तिथूनच. गवंडी म्हणाला, "बांधणाऱ्याला एक तर बांधता येत नव्हतं, नाही तर ती कधीतरी काढायची होती." मी म्हटलं, बांधणारा माझा नवरा होता. मग तो थापी धुवायला उठला.

आता एवढंच कळवा, भिंत हवी की नको. हवी तर नवी बांधून घेते, खांबांना धरून, थेंब आत येणार नाही अशी. तुम्ही इथे येणार हे ठरलेलं आहे. त्यावर मत विचारलेलं नाही.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

उशीर झाला. लिहायचे आणि फाडायचे.

ती फट डोक्यातून जात नाही. दादाला बांधता येत नव्हतं हे मी मानणार नाही. म्हणजे ती काढायचीच होती. ज्या भिंतीला पाठ लावून मी निजायचे, ती पहिल्या दिवसापासून तात्पुरती होती. मला कुणी सांगितलं नाही.

सासर सोडून आले तेव्हा तू त्या घरात नवीन होतीस. तुला आठवत असेल, नसेल. फाटकापासून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत येईतो तिघांनी विचारलं, "किती दिवसांसाठी आलीस?" ट्रंक बघून विचारत होते. मी बोलले नाही. मग व्हरांड्यात बसले की रस्ता हळू चालायचा. कुणी वाईट बोललं असं नाही. नुसते बघायचे आणि मनात मोजायचे, अजून इथेच आहे. मी आत जाऊन बसायला लागले. आत जागा नव्हती, चुलीजवळ बसायचे. मग एक दिवस दादाने विटा आणल्या.

त्या खोलीत मी अभ्यास केला, परीक्षा दिली, नोकरी मिळवली. रस्ता ऐकू यायचा, दिसायचा नाही. मला तो तसाच हवा होता.

आता पुन्हा तसंच सामान घेऊन त्याच फाटकातून यायचं, पांढऱ्या केसांनी, आणि बसायला उघडा व्हरांडा. या वयात लाज वाटू नये हे मला कळतं. इथे चाळीस बायका माझ्या एका नजरेने कामाला लागतात. पण रस्त्यावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. देता येईल असं वाटत नाही.

भिंत बांध.

आणखी एक. हे मला आजपर्यंत सुचलंच नव्हतं, पत्र लिहिताना सुचलं. मी यायच्या आधी तू विणायला कुठे बसायचीस?

तुझी नणंद


८ एप्रिल

वन्सं,

व्हरांड्यात. आणखी कुठे?

डाव्या खांबाला पाठ टेकून. हात पूर्ण लांब करून पट्टी ओढता यायची, उजेड थेट खुर्चीवर पडायचा. तुमच्या दादांनी मला विचारलं होतं. डेपोतून आले, हाताचं ग्रीसही न धुता म्हणाले, "तुझी जागा जाईल. चालेल?" मी म्हटलं, मला बोळ आहे, तिला काय आहे? झालं. त्यात काही त्याग-बिग नव्हता. असता तर मी इतकी वर्षं उठता-बसता ऐकवलं असतं. तुम्ही ओळखता मला.

आता तुमची फट. तुम्ही तिच्यात फारच खोल बघताय. तुमचे दादा बसच्या डेपोत फिटर होते. त्या माणसाने या घरात एकही वस्तू अशी बसवली नाही की जी परत उघडता येणार नाही. मोरीचा नळ, कपाटाची पाठ, तुमची ती कॉटसुद्धा, सगळं नट-बोल्टावर. खिळा दिसला की त्यांच्या कपाळाला आठी. "आवळायचं, पण उघडता येईल इतकंच." हे रोज ऐकायचे मी. एकदा मी कपाचा कान सरसाने चिकटवला तर दिवसभर तो कप उलटासुलटा करून बघत होते. तुमच्याबद्दल त्यांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. मला बोलले नाहीत, आणि मी आता त्यांच्या तोंडी काही घालणार नाही. भिंत त्यांनी बस बांधावी तशी बांधली, एवढं मला दिसतं.

तुम्ही म्हणता तर बांधते. वाळू येऊन पडली आहे. मांजरं खूश आहेत.

पण माझ्याकडून एक झालंय, ते सांगायला हवं. मंगळवारी वाऱ्याने चादर उडाली. मी भोकाच्या आत, घड्याळजी समोर. त्याने विचारलं, "एवढा घाट कुणासाठी चाललाय?" मी म्हटलं, "वन्सं येताहेत. राहायला. कायमच्या." जरा मोठ्यानेच म्हटलं असेन, तुमच्याशी बोलायची सवय. दूधवाला फाटकाशी होता. कोपऱ्यावरची शिंपीण दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे किती दिवस?" मी म्हटलं, "कायमच्या म्हणजे किती, ते तुझ्या टेपने तूच मोज."

दिवस मावळेपर्यंत रस्ताभर झालं. लोक काय म्हणाले ते सांगते. शिंपीण म्हणाली, बरं झालं, तुम्हाला सोबत. दूधवाल्याने विचारलं, दूध वाढवायचं का. घड्याळजी म्हणाला, "त्यांना ऐकू येत नाही ना? चला, माझ्या टोल्यांची तक्रार करणारं एक माणूस कमी." संपलं. मी भोकापाशी उभी राहिले, म्हटलं अजून काही तरी येईल. आलं नाही. तेव्हा विचारणारे कितीतरी जण आता नाहीत. उरलेत त्यांना स्वतःचीच दुखणी पुरतात.

रागवायचं तर रागवा. उत्तर मी देऊन टाकलं. आता भिंत मागायची असेल तर आवडते म्हणून मागा. लपायला नको.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

रागावले. दोन दिवस चादरींचे कोपरेही जुळवले नाहीत. बायकांना वाटलं, मलाही नवीन यंत्राचं पाणी लागलं.

माझ्या वतीने बोलायला तुला कुणी सांगितलं होतं? हे लिहायचं होतं, लिहून झालं.

रविवारी मी एक खुर्ची क्वार्टरच्या दाराबाहेर मांडली. इतकी वर्षं इथे राहिले, दाराबाहेर कधी बसले नाही. कामावरून आले की कडी. म्हटलं, इथे जमलं तर तिथे जमेल. बसले तर हातांचं काय करायचं ते कळेना. म्हणून बटणं तुटलेले अभ्रे आणले. परिचारिका येत-जात होत्या. मी मान वर केली नाही. एक माझ्यापुढे थांबली आणि काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते मला माहीतच होतं. मी ताठ बसून सांगितलं, "पुढच्या महिन्यात घरी जातेय. वहिनीकडे. कायमची."

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून, एकेक शब्द ओठांनी दाखवत पुन्हा विचारलं, सुईत दोरा ओवून देऊ का?

मला हसू आलं. ती पण हसली, तिला काय वाटलं कुणास ठाऊक. दोरा ओवून दिला आणि गेली. मी बसून राहिले. सगळे अभ्रे झाले.

कॉटबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. तीही बोल्टावर आहे, आणि तिला मी कधी तात्पुरती म्हटलं नाही. मी आता इकडे काही मागवत नाही, ट्रंक तिथेच राहू दे. दारामागे असली तरी.

भिंत नको.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगते. डाव्या खांबापाशी तू बस, मी उजव्या. आणि पहिले काही दिवस मी रस्त्याकडे पाठ करून बसणार. त्यावर कुणी बोलायचं नाही. मग बघू.

ओली चादर एकटीने ओढली की काठ वाकडा होतो. दोघींनी दोन टोकांनी ओढायची असते. वेताचं तसंच असेल तर मी खालून ओढीन. हाताला अजून जोर आहे.

तुझी नणंद


२७ एप्रिल

वन्सं,

भिंत पडली. सकाळी हात लावला आणि गवंड्याचा दुपारचा डबा उघडायच्या आत संपलीही. तो जरा हिरमुसला. म्हणाला, "एवढ्याशा कामाला मी मोठी पहार आणली." वाळू परत नेली. विटा एकही न तुटता निघाल्या. त्यांचा मागे चुलीसाठी ओटा करतोय. म्हटलं, कर, पण पक्का कर, आता उघडायला कुणी येणार नाही.

उजेड थेट स्वयंपाकघरात आला. आल्या आल्या त्याने कोळीष्टकं दाखवली. बोळातली, फडताळामागची, सगळी. तीन दिवस नुसती झाडतेय. व्हरांड्याचा हा तोटा कुणी सांगितला नव्हता.

वेताचं अगदी तसंच असतं. वरून पट्टी घालायची, खाली वाकायचं, ओढायची, पुन्हा वर घालायची. दर भोकाला एक वाकणं. कंबर गेली ती बोळामुळे नाही, या वाकण्यामुळे गेली. खालून ओढायला माणूस असतं हे मला कधी सुचलं नाही. एकटीच करायचं काम आहे असं धरून चालले होते. वाचनालयाचा माणूस आला होता, खुर्च्या कधी होतील विचारत. सांगितलं, जूनमध्ये आमच्याकडे माणसं वाढताहेत, तेव्हा बोला.

मधल्या खोलीत तुमची कॉट उघडून पुन्हा जोडली, म्हणजे डोकं तिथल्या खिडकीकडे येईल. पाना तुमच्या दादांचाच. सगळे बोल्ट निघाले.

रस्त्याकडे पाठ करून बसायचं तर खुशाल बसा, कुणी काही बोलणार नाही. मी समोर बसेन आणि मागे कोण जातंय ते तुम्हाला सांगत जाईन. ऐकू आलं नाही, तर वळून बघा.

वहिनी